दारचा गवती चहा आणि परदेशी मेलिसा

मृगाच्या पहिल्या सरी बरसून गेल्या, की पन्हाळा-शाहूवाडीपासून आजरा-चंदगडपर्यंत कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम भागात घरोघरी चहाचा वास बदलतो. न्हाणीच्या सांडपाण्यावर किंवा परसाच्या कडेला वाढलेल्या ठोंबाची दोन-चार पाती कापली जातात, त्यांना पीळ देऊन ती आधणात टाकली जातात, आणि आल्याचा ठेचा व गुळाचा खडा यांच्यासह तयार झालेला तो चहा रोपलागणीहून भिजून आलेल्या माणसाच्या हाती ठेवला जातो. गवती चहा विकत आणण्याची वस्तू आहे, असे या भागात कोणास वाटत नाही. तो शेजाऱ्याकडून मागून आणावयाचा आणि पुढे दुसऱ्या शेजाऱ्यास द्यावयाचा असतो.

अलीकडच्या काळात मात्र शहरांतील दुकानांतून 'लेमन बाम' अथवा 'मेलिसा' या नावाच्या वाळलेल्या पाल्याची पाकिटे दिसू लागली आहेत. शांत झोप लागते, मनावरील ताण हलका होतो, पोट साफ राहते, असे गुण त्यांवर छापलेले असतात. पाकीट उघडताच येणारा लिंबासारखा वास ओळखीचा वाटतो आणि साहजिकच प्रश्न पडतो, की हा आपला गवती चहाच परदेशी नावाने परत आला आहे काय? तसे नाही. पण दोहोंचा वास सारखा का आहे आणि गुण कोठे वेगळे पडतात, हे समजून घेणे उपयुक्त आहे. त्यावरच या दोन्ही वनस्पतींचा योग्य वापर अवलंबून आहे.

वास एक, कुळे दोन

'बाम' म्हटले, की कपाळास चोळावयाचे मलम आठवते. येथे त्या शब्दाचा अर्थ सुवासिक पाला एवढाच घ्यावयाचा. वनस्पतिशास्त्रात या झुडपाचे नाव मेलिसा ऑफिसिनॅलिस असे आहे. भूमध्य समुद्राच्या भोवतालचा प्रदेश आणि पश्चिम आशिया ही त्याची जन्मभूमी. ग्रीक भाषेत 'मेलिसा' म्हणजे मधमाशी. फुलांवर मधमाश्यांची झुंबड उडते म्हणून हे नाव पडले. अकराव्या शतकातील विख्यात हकीम इब्न सिना यांनी हृदयास बळ व मनास उल्हास देणाऱ्या औषधींत त्याची गणना केली होती. युनानी वैद्यकात ते 'बादरंजबोया' या नावाने परिचित आहे. पॅरिसमधील कार्मेलाइट साधूंनी सतराव्या शतकात त्याच्या अर्कापासून बनविलेले औषधी पाणी पुढे युरोपभर खपले.

मेलिसा तुळशीच्या कुळातील आहे. तुळस, सब्जा, पुदिना, पानओवा आणि मरवा ही त्याची आपल्याकडील भावंडे होत. गवती चहा हे मात्र नावाप्रमाणेच गवत आहे. कोल्हापूरच्या शेतीच्या भाषेत सांगावयाचे, तर तो ऊस आणि ज्वारी यांच्या भाऊबंदांपैकी एक. फुलोऱ्यात, पानात किंवा मुळात दोहोंचे कोठेही साम्य नाही.

नाकाला कूळ ओळखता येत नाही, याचा दाखला शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. चैत्र पौर्णिमेस वाडी रत्नागिरी येथे जोतिबाच्या यात्रेत गुलालखोबऱ्याबरोबर दवणा वाहिला जातो. हारात दवणा आणि मरवा शेजारी शेजारी गुंफलेले असतात, आणि दोन्ही एकाच जातीच्या वनस्पती आहेत असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः मरवा तुळशीच्या कुळातला, तर दवणा शेवंती-सूर्यफुलाच्या कुळातला.

मेलिसा आणि गवती चहा यांच्या वासातील साम्याचे कारण रासायनिक आहे. दोहोंच्या पानांत 'सिट्रल' नावाचे द्रव्य असते. गवती चहाच्या पानांतील सुगंधी तेलात त्याचे प्रमाण साधारणतः ७० ते ८० टक्के भरते. मेलिसाच्या तेलातही सिट्रल हा प्रमुख घटक आहे. परंतु त्याच्या पाल्यात एकूण तेलच इतके अल्प असते, की थोड्या तेलासाठी पाल्याचे ढीगच्या ढीग लागतात. त्यामुळे खरे मेलिसा तेल अतिशय महाग पडते, आणि महाग मालात भेसळ हे बाजाराचे जुनेच गणित आहे. जगाच्या बाजारात मेलिसा म्हणून विकल्या जाणाऱ्या तेलात गवती चहाचे किंवा सिट्रोनेलाचे तेल मिसळलेले आढळते. कित्येकदा मेलिसा नाममात्रच असते. परदेशी नावाची छोटी बाटली मोठी किंमत देऊन घेणाऱ्यास परसातल्या गवताचाच वास मिळण्याचा संभव आहे, हे येथे सांगून ठेवलेले बरे.

महाराष्ट्रास हा प्रकार नवा नाही. खानदेशातील डोंगरउतारावरील रोशा गवत हेही गवती चहाच्याच प्रजातीचे. एकोणिसाव्या शतकात त्याचे तेल तेथे भट्ट्या लावून काढले जाई आणि मुंबई बंदरातून तांबड्या समुद्रामार्गे तुर्कस्तानास पोहोचे. गुलाबाच्या अत्तरात मिसळण्यासाठी त्याचा तेथे उपयोग होत असे. पुढे ते 'तुर्की जिरेनियम तेल' या नावाने युरोपात विकले गेले. माल खानदेशचा, नाव तुर्कस्तानचे.

मेलिसाचे गुण: काय सिद्ध, काय नाही

वास सारखा म्हणजे गुणही सारखे, ही समजूत चुकीची आहे. मेलिसाचे जे परिणाम प्रयोगशाळेत दिसून आले, त्यांचा संबंध केवळ सुगंधी तेलाशी नसून पानांतील रोझमॅरिनिक आम्ल व तत्सम द्रव्यांशी आहे. मेंदूतील उत्तेजना शांत ठेवणारे 'गाबा' नावाचे द्रव्य ज्या विकरामुळे नष्ट होते, त्या विकरास हे आम्ल आवर घालते, असे प्रयोगांत आढळले. माणसांवरील लहान चाचण्यांत सौम्य चिंता आणि अस्वस्थ झोप यांबाबत काही अनुकूल निष्कर्ष मिळाले आहेत. ओठांवर येणाऱ्या विषाणुजन्य फोडांवर मेलिसाच्या अर्काचे मलमही युरोपात वापरले जाते.

तथापि युरोपीय औषध संस्थेने २०१३ साली मेलिसाच्या पाल्याविषयी जो अभिप्राय प्रसिद्ध केला, त्याची शब्दयोजना ध्यानात घेण्याजोगी आहे. मानसिक ताणाची सौम्य लक्षणे, झोपेस साहाय्य आणि पोटफुगीसारख्या किरकोळ तक्रारी एवढ्यापुरताच त्याचा वापर संस्थेने मान्य केला, आणि तोही दीर्घकालीन परंपरेच्या आधारावर. मोठ्या चाचण्यांनी गुण निर्विवाद सिद्ध झाला, असे संस्थेने म्हटलेले नाही. झोपेची अथवा थायरॉइडची औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय मेलिसा घेऊ नये, हेही पाकिटावरील मजकुराच्या जोडीने वाचले पाहिजे.

गवती चहाची कसोटी

गवती चहा प्याल्याने झोप लागते, अशी समजूत आपल्याकडे फारशी नाही. आपण तो सर्दी-पडसे आणि अंग मोडून येणे यांवर पितो. ब्राझीलमध्ये मात्र हेच गवत मन शांत करण्यासाठी पिढ्यान् पिढ्या प्यायले जाते. विशेष म्हणजे पोर्तुगीज भाषेतील 'सिद्रेरा' हा एकच शब्द तेथे मेलिसाच्या आणि गवती चहाच्या अशा दोन्ही लोकप्रचलित नावांत येतो. दोन वनस्पतींचे नाव, वास आणि कीर्ती अशा रीतीने एकमेकींत मिसळून गेली.

औषधिशास्त्रज्ञ एलिसाल्डो कार्लिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या समजुतीची रीतसर परीक्षा घेतली. निरोगी स्वयंसेवकांना गवती चहा देऊन, आणि तुलनेसाठी दिसावयास तसेच परंतु औषधी नसलेले पेय देऊन, झोप व चिंता यांवरील परिणाम मोजण्यात आला. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: गवती चहाने झोप अधिक लागली नाही आणि चिंताही कमी झाली नाही. त्याच वेळी रक्ताच्या व अन्य तपासण्यांत त्यापासून कोणताही अपाय झाल्याचेही दिसले नाही.

हा निष्कर्ष निराशाजनक वाटण्याचे कारण नाही. रोज निर्धास्तपणे घेता येण्याजोगे, चवदार आणि बिनखर्चाचे पेय ही लहान गोष्ट नव्हे. गरम पेयाने घशास मिळणारा शेक, वाफेने मोकळे होणारे नाक आणि आजारपणात पोटात जाणारे पाणी यांचे महत्त्व कोणताही वैद्य मान्य करील. भावप्रकाशात 'भूस्तृण' या नावाने येणारे सुगंधी गवत गवती चहाच असल्याचे सामान्यतः मानले जाते. सिट्रल बुरशीची व काही जिवाणूंची वाढ रोखते, हेही प्रयोगशाळेत वारंवार दिसून आले आहे. मात्र तो गुण तेलाचा आहे. कपभर चहात तेलाचा अंश अत्यल्प असतो. त्यावरून चहाने रोगजंतू मरतात असा अर्थ काढता येत नाही.

अशीच एक गल्लत 'अ' जीवनसत्त्वाबाबत होते. सिट्रलपासून आयोनोन आणि आयोनोनपासून 'अ' जीवनसत्त्व कारखान्यात तयार करता येते. केरळातील गवती चहाच्या तेलाला, म्हणजे व्यापारात 'कोचीन तेल' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मालाला, परदेशांतून मागणी येण्याचे हे एक कारण होते. त्याच्या अभ्यासासाठी एर्नाकुलम जिल्ह्यात ओडक्कली येथे १९५१ साली संशोधन केंद्र स्थापन झाले. पण कारखान्यातील ही प्रक्रिया आपल्या पोटात होत नाही. 'अ' जीवनसत्त्वासाठी शेवगा, गाजर, पपई आणि पालेभाज्याच खाव्या लागतात.

चहा करण्याची रीत

गवती चहाचा सुगंध पानाच्या आतील सूक्ष्म पेशींत साठविलेला असतो. पान कापल्याखेरीज किंवा चुरगाळल्याखेरीज तो बाहेर पडत नाही, आणि एकदा बाहेर पडला की वाफेबरोबर उडून जातो. आपल्याकडे आधण दहा-पंधरा मिनिटे रटरटत ठेवण्याची पद्धत आहे. तिच्यामुळे स्वयंपाकघर सुगंधित होते आणि कपात कडवटपणा तेवढा उरतो. पाणी उकळल्यावर भांडे खाली उतरावे, बारीक कापलेली पात त्यात टाकावी आणि पाच-सात मिनिटे झाकण ठेवावे. आले घालावयाचे असल्यास ते मात्र आधी उकळून घ्यावे. दूध घातलेल्या चहात गूळ हवा असेल, तर तोही भांडे उतरल्यानंतरच घालावा. उकळत्या दुधात गूळ पडला की चहा फाटतो, हे गुळाच्या जिल्ह्यात सांगण्याची फारशी गरज नाही. मधुमेह असलेल्यांनी गूळ साखरेपेक्षा निर्दोष आहे, अशा भ्रमात राहू नये.

चहा केव्हा घ्यावा, यालाही महत्त्व आहे. महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय असल्याचे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. जेवणावर लगेच घेतलेल्या चहातील टॅनिनमुळे अन्नातील लोह शरीरात नीट शोषले जात नाही. चहापत्ती न घालता केवळ पात घालून केलेले पेय या दृष्टीने सौम्य असावे, असे मानण्याकडे कल होतो. परंतु १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पुदिन्याच्या चहानेही लोहाचे शोषण मोठ्या प्रमाणात घटल्याचे दिसले. तेव्हा चहा कोणत्याही पाल्याचा असो, जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवणे हेच श्रेयस्कर. गर्भवती स्त्रियांनी दाट काढा रोज घेण्याची सवय लावू नये. आणि गवती चहाचे काढलेले तेल कोणीही पोटात घेऊ नये. पातळ न करता ते त्वचेस लावल्यासही आग होते.

सिट्रोनेला हे दिसावयास जवळजवळ तसेच गवत डास पळविण्याच्या तेलासाठी लावले जाते. त्याच्या बुंध्याकडील भाग तांबूस असतो आणि वास उग्र येतो. चहासाठी ते वापरू नये. रोप कोणी आणून दिल्यास ही ओळख आधी पटवावी.

तापात काढा किती दिवस?

जिल्ह्याच्या दृष्टीने सर्वांत गंभीर बाब हीच आहे. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांत पंचगंगा, कृष्णा व त्यांच्या उपनद्यांच्या महापुरांनी करवीर, हातकणंगले, शिरोळ आदी तालुक्यांतील गावे पाण्याखाली गेली. पूर ओसरल्यावर घरे धुण्यासाठी, जनावरांचे गोठे काढण्यासाठी माणसे दिवसेंदिवस चिखलात वावरतात. उंदरांच्या व जनावरांच्या मूत्राने दूषित झालेल्या अशाच पाण्यातून, पायावरील ओरखड्यावाटे, लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शरीरात शिरतात. भातखाचरात राबणाऱ्यांनाही हा धोका असतो. पुढे साचलेल्या स्वच्छ पाण्यात डासांची पैदास होऊन डेंग्यूची भर पडते.

या दोन्ही रोगांची सुरुवात साध्या तापासारखीच होते: अंगदुखी, डोकेदुखी, कणकण. घरातील वडीलधारी माणसे अशा वेळी काढा करून देतात आणि दोन दिवस वाट पाहतात. काढ्याने घाम येतो, तात्पुरते बरे वाटते आणि दोनाचे चार दिवस होतात. लेप्टोस्पायरोसिस वेळीच सुरू केलेल्या प्रतिजैविकांनी बरा होतो. विलंब झाल्यास मूत्रपिंडे, यकृत व फुप्फुसे निकामी होण्यापर्यंत मजल जाते. चिखलात काम केल्यानंतरच्या पंधरवड्यात ताप येऊन पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले, लघवी कमी झाली किंवा कावीळ दिसली, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठले पाहिजे. डेंग्यूत ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवस अधिक धोक्याचे असतात. पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या किंवा हिरड्यांतून रक्त ही लक्षणे दिसताच रुग्णालयात न्यावे, आणि ॲस्पिरिनसारख्या गोळ्या स्वतःच्या मनाने देऊ नयेत.

यासाठी काढा बंद करावा, असे सांगण्याची आवश्यकता नाही, आणि तसे सांगितल्यास कोणी ऐकणारही नाही. आशा कार्यकर्तीने घरी गेल्यावर काढ्यास नावे ठेवण्याऐवजी 'काढा द्या, पाणी भरपूर पाजा, पण रक्ताची तपासणी आजच करा' असे म्हणणे अधिक परिणामकारक ठरेल. ग्रामपंचायतींना पूर ओसरताच दवंडी, ध्वनिक्षेपक किंवा शाळेच्या फळ्यावरून हाच संदेश देता येईल.

लागवडीचा विचार

गवती चहाची लागवड सोपी आहे. जुन्या ठोंबाचे फुटवे मुळासह वेगळे करून पावसाच्या आरंभी सुमारे दोन-दोन फुटांवर लावावेत. पाण्याचा निचरा होणारी कोणतीही जमीन चालते. साधारण तीन महिन्यांनी पहिली कापणी मिळते व पुढे दोन-तीन महिन्यांच्या अंतराने ती चालू राहते. कापताना जमिनीपासून वीतभर भाग राखावा. चार-पाच वर्षांनी ठोंब विरळ होतो; तेव्हा तो उपटून फुटवे नव्याने लावावेत. भुदरगड, राधानगरी, शाहूवाडी यांसारख्या उताराच्या तालुक्यांत बांधावर लावलेल्या गवती चहाची दाट मुळे माती धरून ठेवतात. गुरेही त्यास सहसा तोंड लावीत नाहीत.

तेलासाठी व्यापारी लागवड करणे हा मात्र सर्वस्वी वेगळा विषय आहे. लखनौ येथील केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने 'कृष्णा', 'प्रगती' अशा जाती विकसित केल्या असून, केंद्राच्या 'अरोमा मिशन'मधून अशा पिकांस प्रोत्साहन दिले जाते. तेल काढण्यासाठी पाला कापल्यानंतर फार काळ ठेवता येत नाही. ऊर्ध्वपातनाची भट्टी जवळ असावी लागते, आणि भट्टी परवडण्यासाठी आसपास पुरेसे क्षेत्र असावे लागते. एकट्या शेतकऱ्याने एकरभर गवत लावून खरेदीदाराची वाट पाहणे धोक्याचे आहे. सफेद मुसळीच्या लागवडीचे पेव फुटले, तेव्हा महागडे बेणे विकणारे पुष्कळ होते, तयार माल घेणारे मात्र थोडेच निघाले. तो अनुभव राज्यातील शेतकरी विसरलेले नाहीत. रोपे विकणारा आणि माल खरेदीची हमी देणारा एकच असेल, तर लेखी कराराची पूर्ण छाननी केल्याशिवाय पैसे देऊ नयेत आणि कृषी अधिकाऱ्यांचा सल्ला आधी घ्यावा.

मेलिसाची हौस असणाऱ्यांनी ती कुंडीत भागवावी. थंड हवेचे हे झुडूप कोल्हापूरच्या मुसळधार पावसात मुळाशी कुजते आणि एप्रिलच्या उन्हात करपते. दिवाळीनंतर बी पेरून, सकाळचे ऊन मिळेल पण दुपारची सावली राहील अशा जागी ठेवल्यास हिवाळाभर पाला मिळतो. शाळेच्या परसबागेत तुळस, पुदिना, मरवा आणि गवती चहा यांच्या शेजारी एक कुंडी मेलिसाची असेल, तर शिक्षकांना वनस्पतिकुळांचा पाठ प्रत्यक्ष दाखवून शिकविता येईल. मुलांना डोळे मिटून पाने हुंगावयास लावावीत, वासावरून गट पाडावयास सांगावे, आणि मग देठ तपासावयास द्यावेत. तुळस, पुदिना, मरवा आणि मेलिसा यांचे कोवळे देठ बोटांत फिरवून पाहिल्यास चौकोनी लागतात. गवती चहाला असा देठच नसतो.